डोक्याला मार लागलेल्या माणसाचं रिहॅब: आयसीयूतून वॉर्डात आल्यापासून घरात खाट लागेपर्यंत

डोक्याला मार लागलेला माणूस शुद्धीवर आला की सगळं घर एकच प्रश्न विचारतं: "चालायला कधी लागल?" चुकांची सुरुवात या प्रश्नापासूनच होते. चालणं क्रमाने बरंच पुढे येतं. त्याआधी गिळणं, कातडी शाबूत राहणं, बसणं, दिवस-रात्रीचं भान येणं, एवढी कामं असतात. ती चुकली तर चालणं लांबतं, कधी राहूनच जातं.

माझ्या थोरल्या भावाच्या वेळी आम्ही यातल्या बऱ्याच चुका केल्या. पुढे दुसऱ्यांच्या माणसांसाठी दवाखान्यांत जाणं झालं, तिथे तोच प्रकार पुन्हा पुन्हा दिसला: आयसीयूतून सुटला म्हणून गावी नेला, तीन महिन्यांनी घोटा ताठलेला, कंबरेला जखम झालेली, आणि मग "आता फिजिओथेरपी सुरू करू" म्हणून धावपळ. म्हणून रिहॅबचं, म्हणजे हालचाल, गिळणं, बोलणं, भान परत शिकवण्याचं काम क्रमाने लिहितोय. औषधाचा निर्णय डॉक्टरांचा. इथे आहे ते नातेवाइकांच्या वाट्याचं काम.

टप्पा १: डिस्चार्जची वाट न पाहता विचारणा

पेशंट आयसीयूतून वॉर्डात आला, त्याच दिवशी न्यूरोसर्जनना विचारा: "याला भरती करून रिहॅब लागेल का, आणि कधी हलवता येईल?" डिस्चार्जच्या सकाळी विचारलं तर उत्तर मिळतं "फिजिओ चालू ठेवा", आणि आपण रुग्णवाहिका करून गावी जातो.

हलवण्यासाठी साधारण हे बघतात: ताप उतरलेला असावा, श्वास व्हेंटिलेटरशिवाय चालावा, रक्तदाब स्थिर असावा, मेंदूवरची सूज वाढत नसावी आणि टेकून बसवलं तर पेशंटने थोडा वेळ सोसावं. श्वासासाठी गळ्यातली नळी किंवा नाकातून पोटात जाणारी, अन्न द्यायची राईल्स ट्यूब आहे म्हणून रिहॅब होत नाही, असं नाही. अनेक ठिकाणी नळीसकट घेतात. पण तुमच्या ठिकाणी घेतात का, हे विचारूनच निघा.

पेशंट अजून डोळे उघडतो पण काही ऐकत नाही, अशा अवस्थेतही काम असतंच: सांधे मोकळे ठेवणं, कूस बदलणं, टेकून बसवणं. "शुद्धीवर येऊ द्या, मग बघू" म्हणत बसू नका.

थांबा: घरी येऊन रोज अर्धा तास हातपाय हलवून जाणारा फिजिओ म्हणजे रिहॅब नव्हे. नुसतं अंघोळ-जेवण-औषध बघणारं केंद्र म्हणजेही रिहॅब नव्हे. पाटीवर दोन्हीकडे तोच शब्द लिहिलेला असतो.

टप्पा २: फाईल

जुनी साडी फाडून पिशवी शिवतो तशी फाईल नको. एक मजबूत फोल्डर घ्या, त्यात तारखेप्रमाणे कागद लावा. डिस्चार्ज कार्डावर पुढच्या गोष्टी आहेत का ते दवाखाना सोडण्याआधी वाचा, नसतील तर लिहून घ्या:

१. भरती झाला तेव्हाचा ग्लासगो कोमा स्कोअर (शुद्ध किती आहे ते सांगणारा ३ ते १५ मधला आकडा) आणि आजचा.
२. ऑपरेशन झालं असेल तर कोणतं, कोणत्या बाजूला. कवटीचं हाड काढलं असेल तर ते कुठे ठेवलंय: पोटाच्या कातडीखाली की फ्रीझरमध्ये. हे विचारायला लोक विसरतात आणि सहा महिन्यांनी हाड बसवायच्या वेळी शोधाशोध होते.
३. फिट आली होती का, कधी, आणि फिटची गोळी किती दिवस द्यायची.
४. गळ्यातली नळी, राईल्स ट्यूब, लघवीची नळी: कोणती, किती नंबरची, कोणत्या तारखेला घातली.
५. कफ, लघवी, जखमेचे कल्चर रिपोर्ट (त्यात कोणते जंतू आहेत ते सांगणारे). रिहॅबवाले हे पहिल्यांदा मागतात.
६. सिटी स्कॅनचा नुसता रिपोर्ट नको, फिल्म किंवा सीडीही घ्या.

अपघाताची केस असेल तर एमएलसी नंबर (दवाखान्यात पोलीस केस म्हणून झालेल्या नोंदीचा), एफआयआरची प्रत आणि पंचनामा याच फाईलमध्ये लागतो. मोटार अपघात दाव्यासाठी कायद्याने अपघातापासून सहा महिन्यांची मुदत घातलेली आहे, आणि हे सहा महिने दवाखान्यातच निघून जातात. घरातल्या एकाला फक्त हेच काम द्या. त्याला उशाशी बसवू नका, वकिलाकडे पाठवा.

योजनेचं म्हणाल, तर महात्मा फुले जन आरोग्य योजना आणि आयुष्मान कार्ड यांत कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंतचं संरक्षण आहे. पण प्रत्येक उपचार यादीत असतो असं नाही आणि प्रत्येक दवाखाना योजनेत नसतो. ऑपरेशन योजनेत बसलं म्हणून पुढची थेरपीही बसेल, हा अंदाज बांधून गाडी करू नका. ज्या दवाखान्यात न्यायचंय तिथल्याच आरोग्यमित्राला (दवाखान्यातला योजनेचा माणूस) फाईल दाखवा आणि किती दिवस, कशाचे पैसे बसतील ते विचारा.

थांबा: पेशंट बोलायला लागला, सही करतोय, म्हणून त्याच्यापुढे सातबाऱ्याचे, बँकेचे, वाटणीचे कागद ठेवू नका. या काळात माणूस नीट बोलतो आणि दुसऱ्या दिवशी त्याला काहीच आठवत नाही. त्याचा फोन आणि पैसे भरण्याचा पिनही एकाच जबाबदार माणसाकडे असू द्या. पुढे भाऊबंदकीत कोर्टापर्यंत जाणारी प्रकरणं इथूनच निघतात.

टप्पा ३: जागा

मराठवाड्यात पहिली चौकशी जवळच्या सरकारी मेडिकल कॉलेजात करावी: छत्रपती संभाजीनगरची घाटी, नांदेडचं विष्णुपुरी, अंबाजोगाईचं स्वामी रामानंद तीर्थ, लातूरचं विलासराव देशमुख. विचारताना "पीएमआर विभाग आहे का, फिजिओथेरपी आणि ऑक्युपेशनल थेरपी आहे का, भरती ठेवून करतात का", असे तीन प्रश्न वेगवेगळे विचारा. पीएमआर म्हणजे रिहॅबच्या डॉक्टरांचा विभाग. फिजिओथेरपिस्ट वेगळा, हा डॉक्टर वेगळा. ऑक्युपेशनल थेरपी म्हणजे जेवण, अंघोळ, कपडे अशी रोजची कामं पुन्हा शिकवणं. मुंबईला हाजी अलीला केंद्र सरकारची अखिल भारतीय भौतिक चिकित्सा आणि पुनर्वसन संस्था आहे, १९५५ पासून. नांदेड, परभणी, जालन्याकडची माणसं देवगिरी एक्सप्रेसने जातात. खासगीत नांदेडकर हैदराबाद धरतात, धाराशिवकर सोलापूर, बाकीचे पुणे.

माझं मत विचाराल तर, दोन जागा जवळपास सारख्या असतील तेव्हा घराजवळची घ्या. लांबच्या मोठ्या नावाच्या ठिकाणी पैसे आणि माणसं दोन्ही तिसऱ्या आठवड्यात संपतात, आणि पेशंट अर्धवट उठून परत येतो.

फोनवर ठरवू नका. पेशंट जुन्या दवाखान्यात असतानाच एकाने जाऊन बघावं. सकाळी अकराच्या सुमाराला जा, तेव्हा थेरपी चालू असायला हवी. सगळे पेशंट खाटेवर आडवे असतील तर समजून घ्या. मग हे विचारा:

दिवसात थेरपी किती तास, कोणती किती? अमेरिकेत अशा दवाखान्यांत आठवड्यात पाच दिवस, रोज तीन तास ही अट असते. आपल्याकडे तेवढं सगळीकडे मिळत नाही, पण "सकाळी अर्धा तास" हे उत्तर आलं तर ती जागा नाही. गिळण्याची तपासणी कोण करतं? स्पीच थेरपिस्ट रोज असतो की आठवड्यातून एकदा येतो? रात्री डॉक्टर हजर असतो का? अचानक बिघडलं तर सिटी स्कॅन किती अंतरावर? नातेवाइकाला सोबत राहता येतं का आणि त्याला शिकवतात का? शेवटच्या प्रश्नाला "तुम्ही कशाला काळजी करता, आम्ही सगळं करतो" असं उत्तर मिळालं तर मी तिथे ठेवणार नाही. पुढची पाच वर्षं ते काम आपल्यालाच करायचं असतं.

टप्पा ४: माणसं आणि सामान

दोन माणसं नेमा, दोनच. एक दिवसाचा, एक रात्रीचा, आणि महिनाभर तेच. दर दोन दिवसांनी नवा पाहुणा मुक्कामाला आला की शिकवलेलं सगळं वाहून जातं: कुणाला पाजायचं कसं ते माहीत नसतं, कुणाला कूस कशी बदलायची ते. सुगीचे दिवस असतील, ऊसतोड चालू असेल, तर माणूस देणं अवघड असतं हे खरं. मग निदान रात्रीचा माणूस कायम ठेवा. आणि दोन्ही पाळ्या वहिनीच्याच गळ्यात घालू नका. तिला झोप नसेल तर दुसरा पेशंट तयार होतो.

सामानात: पुढून बटणं असलेले सैल कपडे, टाचेला पट्टा असलेले बूट (चप्पल अजिबात नाही, घसरते आणि घोटा धरत नाही), त्याचा जुना चष्मा, कवळी, कानाचं यंत्र. चष्मा अपघातात फुटला असेल तर नवा करून घ्या. चष्म्याविना बसवलेला माणूस "लक्ष देत नाही" असा शेरा कागदावर येतो. घरातल्यांचे, बैलांचे, शेताचे फोटो. आणि शंभर पानी वही.

वहीत रोज लिहायचं: किती वाजता झोपला-उठला, काय खाल्लं, लघवी-शौच, ताप, थेरपीत काय केलं, नवीन काय दिसलं. डॉक्टर राउंडला दोन मिनिटं थांबतात, त्या दोन मिनिटांत वही बोलते.

टप्पा ५: पहिले तीन दिवस खरं सांगायचं

या दिवसांत प्रत्येक थेरपिस्ट येऊन तपासतो आणि आधीचा माणूस कसा होता ते विचारतो. इथे आपली माणसं लाजतात. दारू प्यायचा का, तर "नाही नाही, कधीतरी". रोजची दारू असेल, गुटखा-तंबाखू असेल, तर स्पष्ट सांगा. चिडचिड, थरथर, झोप न येणं कशाने आहे, यावर उपचार ठरतो. आधी फिट यायची का, कोणत्या हाताने जेवायचा-लिहायचा, शाळा किती झाली, घरात कोणती बोली. नांदेड-देगलूरकडे घरात तेलुगू असते, उदगीर-निलंग्याकडे कानडी, शहरात दखनी उर्दू. पुस्तकी मराठीत विचारलेल्या प्रश्नाला उत्तर आलं नाही म्हणून वाचा गेली, असा निष्कर्ष निघता कामा नये.

मग ध्येय विचारतात. "चांगला झाला पाहिजे" हे ध्येय नाही. "सहा आठवड्यांत एका माणसाच्या आधाराने खाटेवरून खुर्चीत बसावा, चमच्याने आपलं आपण जेवावं, लघवी सांगावी", हे ध्येय. लिहून घ्या, तारीख घाला आणि दर दोन आठवड्यांनी त्याच कागदावर बैठक मागा.

तपासा: आठवड्याच्या शेवटी तुम्हाला सांगता यायला हवं, की आपल्या माणसाला नेमकं काय जमतं, काय जमत नाही आणि आत्ता कशावर काम चालू आहे. सांगता येत नसेल तर विचारायचं राहिलंय.

टप्पा ६: रोजचं काम, याच क्रमाने

*आधी गिळणं.* भावाला वॉर्डात आणून चौथा दिवस होता. आम्ही चहात बिस्किट बुडवून चमच्याने भरवलं. ठसका लागला नाही, म्हणून सगळे खूश. दोन दिवसांनी ताप, मग छातीत न्यूमोनिया, परत आयसीयू. बारा दिवसांची थेरपी बुडाली. नंतर कळलं, की मेंदूला मार लागल्यावर घास श्वासनळीत गेला तरी काहींना ठसकाच लागत नाही. म्हणजे ठसका न लागणं ही खूण धरायची नाही.

तपासणी होऊन परवानगी मिळेपर्यंत तोंडाने काहीही नाही. पाणी नाही, तीर्थ नाही, अंगारा नाही. परवानगी मिळाल्यावर: पूर्ण ताठ बसवून, हनुवटी किंचित खाली, लहान चमचा, एक घास गिळल्याची खात्री झाल्यावर दुसरा. भरवताना गप्पा बंद, मोबाईल बंद. घास गालात साठत असेल तर बोटाने नाही, थेरपिस्टने दाखवलं तसं काढा. जेवल्यावर अर्धा तास तसंच बसवून ठेवा. नळीने देत असाल तरी उशाकडची बाजू निदान ३० अंश वर हवी, देताना आणि नंतरही.

पातळ पाणी सगळ्यात अवघड. दाट पेज, घट्ट आंबील सोपी जाते. मऊ म्हणून आपण दुधात कुस्करलेली भाकरी किंवा पातळ वरणभात देतो, पण त्यात पातळ आणि घट्ट एकाच घासात येतं आणि अशा माणसाला तेच झेपत नाही. मिक्सरला लावून एकजीव करा. खाल्ल्यावर आवाज ओला, घरघरता येत असेल तर थांबा आणि सांगा.

*मग कातडी आणि ठेवण.* दर दोन तासांनी कूस, रात्रीसुद्धा. मोबाईलला गजर लावा. कूस बदलताना माकडहाड, टाचा, घोटे, कोपर, डोक्याची मागची बाजू, कानामागे बघा. गळ्याच्या नळीची नाडी बांधलेली असेल तर तिच्याखालीही. लाल डाग बोटाने दाबून पांढरा होत नसेल, तर जखम सुरू झाली आहे. त्या बाजूवर निजवायचं नाही. खाली रबरी टायर ठेवू नका, हातमोज्यात पाणी भरून टाचेखाली ठेवू नका. पोटरीखाली उशी घालून टाच अधांतरी ठेवा. मे महिन्यात परभणीचा पारा चाळिशीच्या वर असतो. तेव्हा रेक्झिनवर सुती चादर हवीच, घाम आला की बदला.

कवटीचं हाड काढलेलं असेल तर त्या बाजूवर कधीच निजवू नका, आणि बसवताना-उभं करताना हेल्मेट घाला.

लुळ्या हाताला धरून ओढू नका. उठवताना काखेत हात घालून उचलणं ही आपली सवय आहे, त्याने खांदा निखळतो आणि मग महिनोन्‌महिने दुखतो. पाऊल काटकोनात राहील असं ठेवा, नाहीतर घोटा खाली वळून ताठतो. हात मुठीत आवळत असेल तर दाबायला चेंडू देऊ नका. देतात सगळेच, पण आधी थेरपिस्टला विचारा. गुडघा, कोपर, खुबा अचानक सुजला, गरम लागला, तर ताणणं थांबवून डॉक्टरांना दाखवा. सांध्याभोवती नको तिथे हाड धरत असू शकतं, आणि जोर लावला तर वाढतं.

कबुतराचं रक्त, गरम तेलाची रगड, पाय देऊन मालीश: यांतलं काहीही नको. संवेदना गेलेल्या पायाला भाजलेलं कळत नाही.

*लघवी-शौच.* पिशवी नेहमी ओटीपोटाच्या खालच्या पातळीवर, खाटेवर ठेवायची नाही. नळी काढल्यावर दर दोन-तीन तासांनी भांडं किंवा कमोड खुर्ची द्या, त्याने मागण्याची वाट बघू नका. तीन दिवस शौच झालं नाही तर सांगा. पेशंट विनाकारण आरडाओरडा करतो म्हणतात, त्यातल्या कितीतरी वेळा पोट तटलेलं असतं.

*बसणं.* महिनाभर आडवा असलेला माणूस एकदम बसवला की रक्तदाब उतरतो, डोळ्यांपुढे अंधारी येते. म्हणून टेकून, मग खाटेच्या कडेला, मग खुर्चीत. खुर्चीत हलवताना चाकखुर्चीचा ब्रेक आधी लावा, पायपट्ट्या बाजूला करा, चांगल्या बाजूकडे हलवा. कंबरेला पट्टा बांधून त्याला धरा, पायजम्याला नाही.

*भान आणि बोलणं.* भेटायला येणारा प्रत्येक जण खाटेवर वाकून विचारतो, "मला वळखलं का? सांग बरं मी कोण?" हे बंद करा. ज्याची नवी आठवण टिकत नाही, त्याची ही रोजची परीक्षा घेणं म्हणजे छळ आहे. उलट आपणच सांगायचं: "दादा, मी बाळू, तुझा चुलतभाऊ, गंगाखेडहून आलोय." खाटेसमोर पाटी लावा: "आज मंगळवार. तुम्ही लातूरला दवाखान्यात आहात. गाडीवरून पडून डोक्याला मार लागला होता. संध्याकाळी चार वाजता सुमन येणार." दिवसातून दहा वेळा तीच वाचून दाखवा. काही घडलंच नाही अशा गोष्टी तो छातीठोकपणे सांगेल. तो खोटं बोलत नसतो, रिकाम्या जागा भरत असतो. वाद न घालता विषय बदला.

चिडणं, नळ्या उपसणं, शिव्या, मारायला धावणं हा बरं होतानाचाही एक टप्पा असतो. घरातली म्हातारी म्हणते बाहेरचं झालं, पोरं म्हणतात वेडा झाला. आधी कारण शोधा: दुखतंय का, लघवी तुंबली का, ताप आहे का, गोंगाट आहे का. खोलीत एका वेळी दोघांपेक्षा जास्त नाहीत, बोलणारा एकच, पंधरा मिनिटांत भेट संपली. टीव्ही बंद. रात्री दिवा मंद, दिवसा खिडकी उघडी. हात बांधण्यापेक्षा जाड हातमोजा बरा. आणि "झोपेचं इंजेक्शन द्या" असा आग्रह नर्सकडे धरू नका, गुंगीत शिकणं होत नाही.

पाच गाड्या भरून आलेल्या गावाला आवरणं हे या सगळ्यात अवघड काम आहे. आम्ही एका खमक्या मामांना दवाखान्याच्या गेटवर बसवलं होतं. त्यांनी चहा पाजून निम्मी माणसं तिथूनच परत पाठवली.

*सगळ्यात शेवटी चालणं.* थेरपिस्टने सांगितल्याशिवाय दोघांनी दोन्हीकडून धरून फरफटत चालवू नका. काठी चांगल्या हातात. पायरी चढताना चांगला पाय आधी, उतरताना कमजोर पाय आधी.

टप्पा ७: ताबडतोब हाक मारायची वेळ

- आधीपेक्षा जास्त झोपाळू झाला, उठवूनही उठत नाही, वारंवार उलट्या, वाढतं डोकं दुखणं.
- हाड काढलेली जागा फुगून टणक झाली, किंवा नाका-कानातून पाण्यासारखं गळतंय.
- एका पायाची पोटरी सुजली, दुखते. चोळू नका, रक्ताची गाठ असू शकते. अचानक दम लागला तर त्याच क्षणी सांगा.
- ताप, कफ वाढला, श्वास जोरात.
- सुधारत असलेला माणूस हळूहळू मागे गेला: पाय अडखळतात, कपड्यात लघवी होते, मंदावला. मेंदूत पाणी साठत असेल तर असं होतं, आणि त्यावर उपचार आहे. "थकला असंल" म्हणून आठवडे घालवू नका.

फिट आली तर कुशीवर वळवा, आजूबाजूचं टणक सामान हटवा, घड्याळ बघा. तोंडात चमचा नाही, नाकाला कांदा नाही, चप्पल नाही, पाणी नाही. पाच मिनिटांत थांबली नाही किंवा लागोपाठ आली तर ती इमर्जन्सी.

टप्पा ८: घराची तयारी, भरतीच्या दुसऱ्या आठवड्यात

डिस्चार्जची तारीख कळल्यावर गवंडी शोधायचा नसतो. घराचे मोबाईलवर फोटो काढा: अंगण, ओसरी, उंबरा, न्हाणी, संडास. दारांची रुंदी टेपने मोजा आणि ऑक्युपेशनल थेरपिस्टला दाखवा. चाकखुर्चीला दार साधारण ३२ इंच मोकळं हवं. उताराचं माप एक इंच उंचीला एक फूट लांबी. सहा इंचाच्या उंबऱ्याला सहा फुटांचा उतार. लोक दोन फुटांत कोबा ओततात, आणि खुर्ची मागे उलटते.

दोरीची बाज नको, तिला झोळ पडतो. सपाट खाट हवी, तिची उंची गादीसकट इतकी, की बसल्यावर तळवे जमिनीला टेकून गुडघा काटकोनात येईल. खाट तिन्ही बाजूंनी फिरता येईल अशी लावा. खोली पत्र्याची असेल तर उन्हाळ्याचा विचार आत्ताच करा.

संडास भारतीय पद्धतीचा असेल तर त्यावर मावणारी, मधे भोक असलेली चार पायांची खुर्ची मिळते. फोडाफोडी न करता काम भागतं. भिंतीला पकडायला दांडी लावा, पण चांगल्या हाताच्या बाजूला. वीज जाते हे गृहीत धरा: हवेची गादी आणि कफ ओढून काढणारं सक्शन मशीन इन्व्हर्टरवर हवं, आणि गळ्यात नळी असेल तर पायाने चालणारं सक्शन मशीनही जवळ ठेवा.

तपासा: डिस्चार्जच्या आधी तुमच्या दोन्ही माणसांनी थेरपिस्टसमोर, थेरपिस्टने हात न लावता, पुढची कामं करून दाखवली पाहिजेत: भरवणं किंवा नळीने देणं, कूस बदलणं, खुर्चीत हलवणं, अंघोळ, पट्टी किंवा स्प्लिंट बांधणं, सक्शन. नुसतं "बघितलंय" चालत नाही. जमत असेल तर दवाखान्याला विचारून एक रात्र घरी नेऊन आणा. कुठे अडतं ते त्या एका रात्रीत कळतं.

टप्पा ९: घरी पहिला महिना

फिटची गोळी बरं वाटतं म्हणून स्वतः बंद करू नका. एकदम थांबवली की फिट उलटते. तालुक्याला ती मिळते का ते आधी बघा, पंधरा दिवसांचा साठा हाताशी ठेवा. दारू पूर्ण बंद. मोटारसायकल, ट्रॅक्टर, विहिरीचा काठ, मोटरीचा स्टार्टर: डॉक्टरांनी लेखी मोकळं करेपर्यंत एकट्याने यांच्याजवळ जायचं नाही. चांगला बोलतो-चालतो म्हणून लोक दोन महिन्यांत मोटर चालू करायला पाठवतात. हात चालतो, पण अंदाज चुकतो.

गावातल्या आशाताईंना आणि प्राथमिक आरोग्य केंद्राला कळवा. नळी बदलणं, ड्रेसिंग यासाठी दर वेळी शहर गाठावं लागणार नाही. घरचा व्यायाम कागदावर चित्रांसकट लिहून घ्या आणि भिंतीला चिकटवा. जमल्यास थेरपिस्टकडून मोबाईलवर व्हिडिओ करून घ्या, पेशंटचाच.

अपंगत्व प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्डासाठी (अपंगत्वाचं सरकारी ओळखपत्र) अर्ज ऑनलाइन होतो, तपासणी जिल्हा रुग्णालयात वगैरे होते. मेंदूच्या मारात सुधारणा चालू असते, म्हणून बहुधा काही महिने थांबायला सांगतात. बहुतेक सवलतींसाठी ४० टक्के ही रेषा आहे. हातपाय नीट आणि स्मरण-वागणूक बिघडलेली असेल तर ते तपासणीच्या दिवशी दिसत नाही. तुमची शंभर पानी वही आणि मानसोपचारतज्ज्ञांचा किंवा सायकॉलॉजिस्टचा रिपोर्ट सोबत न्या.

हाड काढलं असेल तर ते परत बसवण्याची तारीख पहिल्याच फेरतपासणीला विचारा आणि फाईलच्या पहिल्या पानावर ठळक लिहा. पोटात ठेवलं असेल तर त्या जागेवर सूज, पू, लाली दिसते का ते अंघोळीच्या वेळी बघत चला.